हात ऐकत नाय

माझे वडील दारू पीत नव्हते. आम्ही मात्र सात वर्षं ते पितात असंच समजत होतो, आणि घरात हे सगळ्यांत ठामपणे समजणारी मी होते.

ते तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होते. पनवेल गावात, तलावाच्या मागच्या अंगाला, दोन खोल्यांत आम्ही राहायचो. बाबा, आई, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा दादा आणि मी. बाबा मूळचे उरणच्या बाजूचे, मिठागरात राबणाऱ्या घरातले. नोकरी लागल्यावर ते पनवेलला आले आणि शहरातल्यासारखं बोलायला शिकले, पण दमले किंवा चिडले की गावची बोली तोंडात परत यायची.

मी अकरावीत होते तेव्हा त्यांच्या हातून वस्तू पडायला लागल्या. आधी कपबशा, मग किल्ल्या, मग एकदा भरलेली बादली. चालताना पाय मध्येच भलतीकडे पडायचा. कंपनीच्या बसमधून उतरून घरापर्यंत येताना ते रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत झोकांड्या खात यायचे, आणि गल्लीतले लोक एकमेकांकडे बघायचे. कारखान्याच्या गेटवर त्यांचं तोंड हुंगलं जायचं. वास यायचा नाही, तरी पहारेकऱ्याला खात्री होती. दोनदा त्यांना गेटवरूनच घरी पाठवलं. मग प्लँटमधून स्टोअरमध्ये बदली झाली, आणि वर्षभरात राजीनामा लिहून घेतला गेला.

आईनं घरातला एकूण एक डबा उघडून बाटली शोधली. गादीची शिवण उसवली. सापडलं काहीच नाही, त्यामुळे ते बाहेर पितात हे सिद्ध झालं. तिनं त्यांना देवीसमोर उभं करून शपथ घ्यायला लावली. शपथ घेताना हातातला नारळ खाली पडला, तेव्हा आई भिंतीला डोकं टेकून रडली.

मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. तत्त्वज्ञान विषय घेतला होता आणि इच्छास्वातंत्र्य हा शब्द नुकताच शिकले होते. माणूस दगडासारखा घरंगळत नाही, तो निवडतो, आणि जे निवडतो त्याला जबाबदार असतो, हे मला फार आवडलं होतं. एका रविवारी सकाळी बाबा दाढी करताना गाल कापून बसले होते. मी कापूस घेऊन गेले आणि रक्त टिपता टिपता म्हणाले, "बाबा, तुम्ही मनावर घेतलं तर सुटेल. ठरवलं तर माणूस काहीही करू शकतो."

त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. रागावतील असं वाटलं होतं, पण रागावले नाहीत.

"मी ठरवतो गं पोरी," ते म्हणाले. "रोज ठरवतो. पन हात ऐकत नाय."

मला ते दारुड्याचं उत्तर वाटलं. मी कापूस तिथेच ठेवून बाहेर निघून गेले.

रोगाचा शोध लागला तो योगायोगानं. बाबा जिन्यावरून पडले आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरनं त्यांचा दुसरा, न मोडलेला हात बराच वेळ पाहिला, आणि मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाच्या नावानं चिठ्ठी दिली. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी बाबांच्या हातापायांपेक्षा त्यांच्या वडिलांबद्दल जास्त विचारलं.

आजोबा मी पाहिले नव्हते. पण गावात त्यांच्याबद्दल बोललं जायचं ते मी ऐकलं होतं. शेवटची काही वर्षं त्यांचं सगळं अंग वळवळायचं, खांदे उडायचे, मान वाकडी व्हायची, आणि पोरं त्यांच्या मागे 'नाच्या, नाच्या' करत धावायची. त्यांच्या वडिलांनी म्हणे मिठागराच्या बांधावर जोडीतला नाग मारला होता. तो नाग घराण्याच्या अंगात शिरला, असं गाव म्हणायचं. आजोबांच्या एका बहिणीचंही तसंच झालं होतं. बाबांनी हे सगळं खाली मान घालून सांगितलं. डॉक्टरीणबाई एका कागदावर चौकोन आणि गोल काढत होत्या, पुरुषांचे चौकोन, बायकांचे गोल, आणि एकेक काळा करत होत्या. सगळ्यांत खाली त्यांनी एक चौकोन आणि एक गोल काढला आणि ते तसेच पांढरे ठेवले. तो दादा होता आणि ती मी.

मग त्यांनी समजावून सांगितलं. हा मेंदूचा रोग आहे, रक्तातून येतो. आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला अर्धी शक्यता. ज्याला आहे त्याला तिशी-चाळिशीनंतर कधीतरी होणारच. औषधानं हालचाली थोड्या कमी होतील, पण रोग थांबणार नाही. तपासणी करून आधी कळू शकतं, पण ती करायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं, कोणी जबरदस्ती करायची नाही. रोगाचं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं. आमच्या घरात ते नाव पुढे कधीच उच्चारलं गेलं नाही. आम्ही 'ते' म्हणायचो.

आई मध्येच म्हणाली, "म्हणजे हे पीत नव्हते?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आई बाबांकडे वळली आणि त्यांचा उडणारा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. मी खिडकीबाहेर बघत होते. बाबांची माफी मी त्या दिवशी मागितली नाही आणि नंतरही नाही. ते पुढे सहा वर्षं जगले, म्हणजे वेळ मिळाला नाही असं म्हणायची सोय नाही.

बाहेर व्हरांड्यात दादानं मला बाजूला घेतलं. त्याच्या लग्नाला वर्ष झालं होतं आणि वहिनीला पाचवा महिना होता.

"हिला सांगायचं नाही," तो म्हणाला.

"दादा, तिला कळायला हवं."

"कळून काय करणार? पाचव्या महिन्यात काय करणार ती? बाबांना कंपवात झालाय असं सांगू. आणि मलाही माझं काही कळून घ्यायचं नाही. असेल तर असेल. तू शपथ घे."

मी घेतली. त्या वेळी मला ती घरच्या सुखासाठी केलेली गोष्ट वाटली. वहिनी पाच महिन्यांची पोटुशी होती, गोरी, हसरी, सासऱ्यांना स्वतःच्या हातानं भरवायची. तिच्या सुखात खडा टाकणारी मी कोण, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे सांगायचं धाडस नव्हतं.

गावाला काकीला मात्र सांगावं लागलं, कारण बाबांच्या नावानं तिनं देवऋषी बोलावला होता. रक्तातून कसं येतं, अर्धी शक्यता म्हणजे काय, हे मी तिला सावकाश समजावलं. ती मासळी साफ करत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मंग तुज्या डाक्टरनं नवीन काय सांगला? बापाकडून पोराला येतं, कुनाला येतं कुनाला नाय, आनि उपाय नाय. आमी यालाच शाप म्हनतो."

माझ्याकडे उत्तर होतं, ते मी दिलंही, पण घरी परतताना बसमध्ये माझं मलाच ते पटेना.

दादाला मुलगी झाली. पाचव्या दिवशी आईनं पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं, सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते म्हणून. वहिनी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि सटवाईला उद्देशून थट्टेनं म्हणाली, "चांगलं लिहा हं, अक्षर वाचता आलं पाहिजे." सगळे हसले. दादा उठून गॅलरीत गेला. मी बाळाकडे बघितलंच नाही नीट, इतकी मला तिची भीती वाटत होती.

पुढे मी एम.ए. केलं आणि पनवेलच्याच एका कॉलेजात शिकवायला लागले. दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात नियती आणि इच्छास्वातंत्र्य हे प्रकरण होतं, ते माझ्याकडे आलं. मी ते चांगलं शिकवायचे. संचित, प्रारब्ध, क्रियमाण यांतला फरक सांगायचे. प्रारब्ध म्हणजे सुटलेला बाण, तो परत येत नाही; क्रियमाण म्हणजे अजून हातात असलेला, तो सोडायचा की नाही हे तुमच्याकडे. शोकांतिकांतले राजे भविष्य टाळायला घर सोडून पळतात आणि पळता पळता नेमके त्याच्याच दारात जाऊन उभे राहतात, हे सांगितलं की वर्ग शांत व्हायचा. एकदा एका मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, सगळं आधीच ठरलेलं असेल तर चोराला शिक्षा कशाला?" मी तिला चाळीस मिनिटं उत्तर दिलं. तास संपल्याची घंटा झाल्यावरही पोरं बसून होती.

घरी बाबा तेव्हा गिळू शकत नव्हते. पाणीसुद्धा ठसक्यातून फुप्फुसात जायचं. शेवटी त्यातूनच न्यूमोनिया होऊन ते गेले. शेवटच्या महिन्यात त्यांच्या पलंगाला चारी बाजूंनी गाद्या बांधल्या होत्या, नाहीतर स्वतःचेच हातपाय आपटून त्यांना जखमा व्हायच्या. गेल्यावर सकाळी त्यांचे हात पहिल्यांदा स्थिर दिसले. आईला ते सहन होईना. तिनं चादर वर ओढून ते झाकून टाकले. दोन वर्षांनी तीही गेली.

कॉलेजात इतिहास शिकवणारे एक गृहस्थ होते, अलिबागकडचे. मनानं चांगले. त्यांनी मला लग्नाचं विचारलं. मी नाही म्हणाले आणि कारण सांगितलं नाही. त्यांनी वर्षभरानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हणाले. मला 'ते' आहे हे मी धरूनच चालले होते. हातातून खडू निसटला तरी मी मनातल्या मनात म्हणायचे, सुरू झालं. मूल नको, नवरा नको, कोणावर ओझं नको. हा माझा स्वतःचा, विचार करून घेतलेला निर्णय आहे असं मला वाटायचं आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. त्या गृहस्थांनी पुढे लग्न केलं आणि ते नाशिकला बदलून गेले.

पस्तिसाव्या वर्षी मी तपासणी करून घेतली. कोणाला सांगितलं नाही. त्याच इस्पितळात तीन वेळा जावं लागलं. पहिल्यांदा नुसतं बोलणं, दुसऱ्यांदा रक्त, तिसऱ्यांदा निकाल. समुपदेशक बाईंनी विचारलं होतं, निकाल कसाही आला, पुढे काय कराल? मी म्हणाले, "जे करतेय तेच."

निकाल आला, मला ते नव्हतं.

बाईंनी माझे हात हातात घेतले. मी आभार मानले, जिना उतरून खाली आले आणि इस्पितळाच्या कँटीनमध्ये इडली मागवून बसले. बराच वेळ ती समोर तशीच होती. रडू आलं नाही, आनंदही झाला नाही. ज्या राजांच्या गोष्टी मी वर्गात सांगत होते ते निदान खऱ्या भविष्यापासून पळत होते. मी जे माझ्या वाट्याला आलंच नव्हतं त्याला भिऊन सगळं आयुष्य आवळून घेतलं होतं. आणि दादानं डोळे मिटून लग्न, मुलगी, करंजाड्यात फ्लॅट, सगळं केलं होतं. दोघांनीही निवडलंच होतं. पण कशाच्या भरवशावर, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मी त्याला माझा निकाल सांगितला नाही. माझा चांगला आला म्हणून त्याचा वाईट येईल असं नसतं, हे मला माहीत होतं. नाणं प्रत्येकासाठी वेगळं उडतं. तरी वाटायचं की आम्हा दोघांत मिळून एकच सुटका होती आणि ती मी घेऊन बसले.

दादा शाळेची बस चालवायचा. रोडपाली आणि कळंबोलीच्या सेक्टरांतून मुलं गोळा करून शाळेत सोडायची आणि दुपारी परत आणायची. लहान मुलांचा तो लाडका होता. त्यांची नावं, त्यांच्या आयांचे फोन नंबर, कोणाला गाडी लागते, कोणाला खिडकी लागते, सगळं त्याला पाठ. सात वर्षांपूर्वी एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. ताटावर बसलो असताना माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. पायाची बोटं पेटी वाजवल्यासारखी हलत होती. भुवया विनाकारण वर जात होत्या. आमटीची वाटी उचलताना ती ताटात लवंडली.

"झोप होत नाही हल्ली," तो म्हणाला.

वहिनीनं फडकं आणलं. सतरा वर्षांची भाची मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. वीस वर्षांपूर्वी मी जे बघूनही ओळखलं नव्हतं ते आता मला दुरून ओळखता येत होतं.

पंधरा दिवसांनी त्याची बस दुभाजकावर चढली. मुलं बसमध्ये होती, कोणाला लागलं नाही. कुत्रं आडवं आलं, असं त्यानं सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी रोडपालीला गेले, शेवटचं मूल उतरेपर्यंत थांबले आणि रिकाम्या बसमध्ये त्याच्या मागच्या सीटवर बसले. दोन सिग्नलांच्या अंतरात त्याचा उजवा पाय आपोआप तीनदा उडाला. एकदा गाडी एकदम पुढे झेपावली.

"दादा, गाडी बाजूला घे," मी म्हणाले.

त्यानं घेतली. इंजिन बंद केलं. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "बोलू नकोस."

"तुला कळतंय ना?"

"मला काही कळत नाही, आणि कळून घ्यायचं नाही. तो माझा हक्क आहे. त्या डॉक्टरणीनंच सांगितलं होतं तुझ्यासमोर."

"तुझा आहे. या मुलांचं काय?"

"नशिबात असलं तर घरात बसलेलं पोरही मरतं."

"आणि तू नशिबाच्या हातात स्टेअरिंग देणार?"

खिडकीवर मुलांनी बोटानं काढलेली चित्रं होती, त्यांच्याकडे तो बघत राहिला. मी म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत तू मालकाला सांग. नाही सांगितलंस तर उद्या मी सांगेन."

"तू करून घेतलीस ना तपासणी?" त्यानं एकदम विचारलं. "तुला नाहीये. तोंडावर दिसतं तुझ्या कधीपासून."

मी हो म्हणाले.

"मग तुला काय, तू शिकव वर्गात," तो म्हणाला आणि दार उघडून मला उतरायला लावलं.

त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसच्या कंत्राटदाराच्या ऑफिसात गेले. तो पन्नाशीचा, शांत माणूस होता. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं खुर्ची दिली, आणि मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, मी पण बोलणारच होतो. हल्ली फार घेतो वाटतं तुमचा भाऊ."

"माझा भाऊ दारू पीत नाही," मी म्हणाले. त्यापुढचं सगळं मी कसं सांगितलं ते मला आठवत नाही. कंत्राटदारानं ऐकून घेतलं, फोन उचलला आणि दुपारच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर लावला.

खूप नंतर, दादाचं निदान रीतसर झाल्यावर, डॉक्टर म्हणाले की या रोगात हातपाय हलायच्या आधीच विचार करण्याची शक्ती बिघडते. माणूस हट्टी होतो, धोका समजत नाही. म्हणजे त्या दिवशी बसमध्ये मला नाही म्हणाला तो दादा होता की ते? मी ज्याला निर्णय समजून भांडले तो निर्णय होता तरी का? असे प्रश्न मी परीक्षेच्या पेपरात घातलेले आहेत.

वहिनीला कळलं ते कंत्राटदाराकडून. ती त्याच दिवशी दुपारी माझ्याकडे आली. मी पाणी दिलं, तिनं घेतलं नाही.

"ताई, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

मी सांगितलं. तिचा पाचवा महिना होता तेव्हापासून.

तिनं बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाली, "मी बाबांना भरवत होते. रोज. तुम्ही सगळे बघत होतात. आई पण?"

"आई पण."

"आणि माझ्या पोरीला?"

"अर्धी शक्यता," मी म्हणाले. बोलताना मला त्या दोन शब्दांची किळस आली.

ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. "मला सांगितलं असतं तर कदाचित मी हेच केलं असतं," ती म्हणाली. "हाच नवरा, हीच मुलगी. काय सांगावं. पण तुम्ही मला ठरवूच दिलं नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्या वाटचं ठरवलं आणि वर मला वाटू दिलं की मीच सगळं केलं."

"दादानं शपथ घातली होती."

"तुम्ही शिकलेल्या आहात, ताई," ती म्हणाली आणि उठली. एवढंच. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मी तिच्याकडे माफी मागितली आहे. तिनं ती ऐकून घेतली.

तिनं दादाला सोडलं नाही. माहेरचे तिला न्यायला आले होते. तिनं त्यांना चहा देऊन परत पाठवलं. रोडपालीच्या एका शाळेत ऑफिसातली नोकरी धरली. दादाचं बोलणं हळूहळू अडखळत गेलं आणि राग वाढत गेला. एकदा त्यानं स्टीलचं ताट तिच्या अंगावर फेकलं, कपाळाला खोक पडली. मी टाके घालायला तिच्याबरोबर गेले होते. रिक्षात मी म्हणाले, "वहिनी, तो नाही फेकत, आजार फेकतो."

"असेल," ती रुमाल दाबून धरत म्हणाली. "लागलं ते मला लागलं."

भाचीला सतराव्या वर्षीच सगळं कळलं होतं. तिनं तेव्हा काही विचारलं नाही. कॉलेज केलं, बंदराच्या बाजूला मालवाहतुकीच्या एका ऑफिसात लागली. मागच्या वर्षी एक दिवस ती माझ्या स्टाफरूममध्ये येऊन बसली. ती तेवीस वर्षांची झाली होती. ऑफिसातल्या एका मुलाशी तिचं जुळलं होतं आणि दोघं लग्नाचं बोलत होती.

"आत्या, मी तपासणी करू का?"

"मी नाही सांगणार," मी म्हणाले.

"तू केलीस ना?"

"मी पस्तीस वर्षांची होते, आणि सगळं ठरवून झाल्यावर केली. त्याचा काही उपयोग झाला नाही. तुझे बाबा न करता राहिले, त्यांचं तू बघतेस. आमच्यापैकी कोणाचंच ऐकू नकोस."

ती थोडा वेळ टेबलावरचे पेपर चाळत बसली. मग म्हणाली, "मी त्याला सांगितलंय. तपासणीचं नाही, पण घरात काय आहे ते. दुसऱ्या भेटीतच, वडापावच्या गाडीजवळ सांगितलं. मला आईसारखं कोणाला करायचं नव्हतं."

वहिनीला सांगायचं जे मला सतरा वर्षं जमलं नव्हतं ते हिनं एका वडापावच्या गाडीजवळ उभं राहून करून टाकलं होतं.

तिनं तपासणी केली. तिन्ही वेळा मी बरोबर गेले, वहिनीनंच फोन करून तसं सांगितलं होतं, "तुम्ही जा, तुम्हाला रस्ता माहीत आहे." निकालाच्या दिवशी समुपदेशक बाईंच्या चेहऱ्यावरून मला आधीच कळलं. भाची सरळ बसून ऐकत होती. झाल्यावर तिनं दोनच प्रश्न विचारले. साधारण किती वर्षं, आणि मूल हवं असेल तर त्याला हे जाणार नाही असा काही उपाय आहे का. पहिल्याचं नक्की उत्तर नव्हतं. दुसऱ्याचं होतं, अवघड आणि खर्चिक, पण होतं. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

परत येताना गाडीनं वाशीच्या खाडीचा पूल ओलांडला तेव्हा ती म्हणाली, "पप्पांना सांगायचं नाही. त्यांना कळेल पण, आणि सहन नाही होणार. आईला मी सांगते." मी मान हलवली. लपवण्याचं आणखी एक काम माझ्याकडे आलं होतं, पण या वेळी ज्याचं गुपित होतं त्यानंच ते दिलं होतं.

त्या मुलाला तिनं दोन दिवसांनी सांगितलं. तो रडला आणि विचार करायला वेळ मागून गेला. चार महिने झाले. त्याचे मेसेज येतात, कधी येत नाहीत. मी त्याला नावं ठेवायला गेले तर तिनं मला थांबवलं. "त्याचं त्याला ठरवू दे, आत्या. त्याला तरी." ऑफिसात दोघं एकाच मजल्यावर बसतात. ती कामाला जाते, शनिवारी पोहायला जाते, हात कापला की इतरांसारखी पट्टी लावते. ऑफिसातून उशीर झाला की मला फोन करते, आणि मी तो पहिल्याच रिंगला उचलते.

यंदाही ते प्रकरण मी शिकवलं. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्यानं विचारलं, "मॅडम, तुमचं स्वतःचं मत काय?" पूर्वी मला चाळीस मिनिटं पुरत नसत. मी म्हणाले, "माझं मत अजून झालेलं नाही." वर्गात कोणीतरी हसलं. मी पुढचा मुद्दा फळ्यावर लिहायला घेतला.

रविवारी मी करंजाड्याला जाते. वहिनीची तेवढी एक दुपार मोकळी असते, ती बाजाराला जाते. दादाला आता पावडर घालून घट्ट केलेलं पाणी आणि मऊ भात चमच्यानं द्यावा लागतो, एका वाटीला तास लागतो. घाई केली की ठसका लागतो. नव्या विमानतळाची विमानं घरावरून जातात तेव्हा तो मान वर करायचा प्रयत्न करतो, मान दुसरीकडेच जाते. बोललेलं आता फारसं कळत नाही. मागच्या रविवारी त्यानं काहीतरी म्हटलं, मी तीनदा विचारलं. चौथ्यांदा कळलं. तो विचारत होता, "पोरगी जेवली?"

"जेवली," मी म्हणाले. त्यानं तोंड उघडलं. मी पुढचा घास भरवला आणि तो नीट गिळेपर्यंत त्याच्या गळ्याकडे बघत थांबले.